गौतमीपुत्र सातकर्णी: तीन समुद्रांचं पाणी आणि पडीक शेत

गोदाकाठ

मंडळी, गेल्या रविवारी बऱ्याच दिवसांनी पांडवलेण्यावर गेलो होतो. मुंबईहून मामेभाऊ आला होता, त्याला नाशिक दाखवायचं म्हणजे आपल्याकडे काय, पंचवटी, मिसळ आणि हे. घामाघूम होत वर पोचलो तर एक गृहस्थ पाच-सहा जणांना गोळा करून सांगत होते की पांडवांनी हे एका रात्रीत कोरलं, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं. मी गप्पच बसणार होतो, पण भाऊ म्हणाला दादा तू एवढं वाचतोस ना, मग सांग की खरं काय ते. तर तीन नंबरच्या लेण्यात उभं राहून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर टाकतोय, चुकलं तर दुरुस्त करा.

हे लेणं ओळखायला सोपंय. व्हरांड्याच्या खाली सहा धिप्पाड गण आहेत, अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरल्यासारखे, पालखीचे भोई असतात ना तसे. आत गेलात की भिंतीवर ब्राह्मीत मोठ्ठा लेख दिसतो, तो गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने हे लेणं भदावनीय पंथाच्या भिक्षूंना दान केलं आणि त्या निमित्ताने मुलाचं वर्णन कोरून घेतलं. बहुतेक अभ्यासक धरतात की तेव्हा मुलगा हयात नव्हता. स्वतःची ओळख ती महाराजमाता आणि महाराजपितामही अशी करून देते. तर या राजाबद्दल आपण जे काही छाती फुगवून सांगतो त्यातलं निम्म्याहून जास्त या म्हातारीच्या तोंडचं आहे.

आणि काय लिहिलंय! तिसमुदतोयपीतवाहन, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. सकयवनपल्हवनिसूदन, शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा. खखरातवसनिरवसेसकर, म्हणजे क्षहरातांचा (नहपान राजाचं शक घराणं) वंश शिल्लकच ठेवला नाही असा. सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित करणारा. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा, चाल हत्तीसारखी, बाहू शेषनागाच्या वेटोळ्यासारखे भरदार. प्रदेशांची यादी तर विचारूच नका, असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती, म्हणजे आपली पैठणची बाजू, कोकण, वऱ्हाड, सौराष्ट्र आणि थेट माळवा. मधेच एक विशेषण येतं, अविपनमातुसुसूसाक, आईची सेवा कधी न चुकवणारा. हे वाचून भाऊ हसला, म्हणाला आईने लिहिलंय ते कळतंय :)

पण मला सांगायचंय ते याच व्हरांड्यातल्या दुसऱ्या दोन लेखांबद्दल. त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही, छताला लागून आहेत. ते खुद्द राजाच्या हयातीतले, आणि प्रशस्ती वगैरे काही नाही, चक्क सरकारी जीआर आहेत.

पहिला त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा. विजयी लष्करी तळावरून राजा गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, विण्हुपालित त्याचं नाव, आज्ञा देतो की पश्चिम कखडी गावातलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत, जे आजवर उसभदाताकडे होतं, ते त्रिरश्मीवरच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या भिक्षूंना दिलंय. उसभदात म्हणजे उषवदात, क्षहरात राजा नहपानाचा जावई. नुकताच पाडाव झालेल्या माणसाची जमीन आहे ही. पुढे सवलतींची यादी, सरकारी माणसांनी शेतात शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. तोंडी हुकूम कोणी दिला, कोरलं कोणी, तारीख काय, सगळी नोंद आहे. तापस नावाच्या माणसाने कोरलं म्हणे.

दुसरा २४व्या वर्षाचा, सहा वर्षांनंतरचा. आता अमात्य बदललाय, सामक आलाय. आणि त्याला काय कळवलंय तर, आम्ही पूर्वी कखडी गावात शेत दिलं होतं, 'त च खेतं न कसते सो च गामो न वसति'. ते शेत कोणी कसत नाही आणि त्या गावात कोणी राहतही नाही. म्हणून आता नगराच्या शिवेवरचं आमच्या खासगीतलं १०० निवर्तनं शेत द्या.

झालं. तीन समुद्र वगैरे ठीकाय हो, पण जिंकून सहा वर्षं झाली तरी गोवर्धनच्या, म्हणजे नाशकाच्या अगदी बुडाशी असलेलं गाव ओस पडलंय. का पडलं ते लेखात नाही, माझा अंदाज लढाईचाच, दुसरं काय असणार. मला हा लेख त्या मोठ्या लेखापेक्षा जास्त खरा वाटतो. जेता राजा मोजायचा कशावर, त्याने कुणाला हरवलं यावर की जिंकलेल्या गावात माणसं परत आली का यावर?

बोला.

---

बखरबहाद्दर

लेख उत्तम पण शेवट पटला नाही. एका पडीक शेतावरून अख्ख्या राजाचं मोजमाप करायचं म्हणजे महापालिकेच्या एका खड्ड्यावरून देशाचा कारभार ठरवण्यासारखं आहे. अरे शाळेत सिकंदर पानंच्या पानं शिकवतात आणि आपल्या मातीतल्या सम्राटाला दीड ओळ! परकीय शकांना हाकलून लावलं त्याने. आपण पाडव्याला गुढी उभारतो ती कशासाठी? शालिवाहनाने मातीचे सैनिक करून त्यांच्यात प्राण फुंकले आणि शकांना हरवलं, शालिवाहन शक सुरू केला तो हाच. असल्या माणसाच्या बाबतीत पुरावा पुरावा करत बसणं हा आपला जुना रोग आहे.

---

नाणेवेडा

@बखरबहाद्दर पुरावा मागायचा नाही म्हणताय पण या राजाचा पुरावा इतका झकास आहे की मागायला लाजूच नका.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सिन्नर तालुक्यातलं गाव, दारणा गोदावरीला मिळते तिथलं. १३,२५० च्या आसपास नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नवीन नाणी पाडली नाहीत, वितळवलीही नाहीत, नहपानाच्या चेहऱ्यावरच दणादण छाप. एका बाजूला तीन कमानींची टेकडी आणि दुसऱ्या बाजूला ते उज्जैनी चिन्ह म्हणतात ते, अधिकच्या चिन्हाच्या टोकांना चार गोळे.

यातलं एक नाणं मी हातात घेतलंय, एका जुन्या संग्राहकाकडे. करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. भिंगातून बघितलं तर टेकडीच्या कमानीखालून नहपानाचं नाक बाहेर आलेलं, आणि कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे. छाप मारणाऱ्याने नेम धरलेला नव्हता, बसेल तिथे बसवलाय, दिवसभरात शेकडो मारायची असणार त्याला. नहपान आणि गौतमीपुत्र एकमेकांच्या अगदी जवळच्या काळातले हे या साठ्यामुळे पक्कं झालं.

आता यातली गंमत बघा. उरलेल्या जवळपास चार हजार नाण्यांवर काहीच छाप नाही, आणि ती त्याच ढिगात आहेत. म्हणजे लोकांच्या लेखी दोन्हीची किंमत सारखी. चांदी ती चांदी.

---

उगाच_एक

पाडव्याचं एकदा होऊन जाऊ दे, दर वर्षी तोच घोळ.

शक कालगणना सुरू होते इसवी सन ७८ ला. ती कुणी सुरू केली यावर वाद आहे, कनिष्काचं नाव घेतात, चष्टनाचं घेतात. पण गौतमीपुत्राच्या स्वतःच्या लेखात हा शक वापरलेलाच नाही, तिथे १८वं वर्ष, २४वं वर्ष, म्हणजे त्याच्या राज्याची वर्षं. ज्याने नवीन संवत्सर सुरू केला त्याने स्वतःच तो वापरू नये, असं कसं होईल? शतकानुशतकं ही गणना वापरली ती कुणी तर पश्चिमी क्षत्रपांनी, म्हणजे शकांनीच. त्याला शालिवाहनाचं नाव चिकटलं ते पार मध्ययुगात, हजारभर वर्षांनी.

तेव्हा ज्यांना निरवशेष केलं म्हणतात त्यांच्याच नावाचा शक आपण पंचांगात आणि लग्नपत्रिकेत घालतो, आणि १९५७ पासून भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिकाही त्याच्यावरच चालते. कोण हरलं, कोण जिंकलं :D

---

बखरबहाद्दर

लोकस्मृती नावाची काही गोष्ट असते की नाही? कुंभाराच्या घरी वाढलेला पोर, मातीचे घोडे, पैठण, हे सगळं लोकांनी हवेतून नाही आणलं. हजार वर्षांनी का होईना लोकांना तोच का आठवला?

---

उगाच_एक

हे मात्र मान्य. स्मृती आहेच, फक्त ती कुणा एका राजाची नाही. सातवाहन, सालाहण, शालिवाहन अशी अख्ख्या घराण्याची मोट बांधलीय लोकांनी, त्यात हाल राजाही आला, गौतमीपुत्रही आला. जैन ग्रंथांत तर एक भारी गोष्ट आहे. भरुकच्छचा (भडोच) राजा नहवाहन खजिन्याने बळकट, प्रतिष्ठानचा (पैठण) सालवाहन सैन्याने बळकट. सालवाहन दर वर्षी वेढा घालतो आणि हात हलवत परत येतो कारण नहवाहन शत्रूची मुंडकी आणणाऱ्याला पैसे वाटतो. शेवटी सालवाहन आपल्या मंत्र्याला हाकलल्याचं नाटक करतो, तो मंत्री जाऊन नहवाहनाचा विश्वास मिळवतो आणि त्याला दानधर्माच्या नादी लावतो, देवळं बांधा, तळी बांधा. खजिना रिकामा झाला की सालवाहन येतो आणि शहर घेतो.

गोष्टच आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. पण नहपानाची नाणी चिक्कार होती आणि जावई दानशूर होता हे दोन्ही दुसरीकडून सिद्ध आहे, म्हणून मजा वाटते.

---

सरळरेषा

जावयाचा विषय निघालाच आहे तर 'परकीय' शब्दावर बोलू. पांडवलेण्यातच १० नंबरचं लेणं बघा, तीन नंबरहून जुनं, आणि तीन नंबरचं काम त्याच्यावर बेतलेलं दिसतं. ते उषवदाताने करवलेलं. दिनीकाचा मुलगा, बायको दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी. या शकाने काय काय केलं ते त्याच्याच लेखात आहे: तीन लाख गायींचं दान, देवा-ब्राह्मणांना १६ गावं, वर्षाला लाखभर ब्राह्मणभोजन, प्रभासला ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, पुष्करला जाऊन स्नान केलं, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक (सोपारा) इथे धर्मशाळा. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर फुकट होड्या चालवल्या. दाहणुका म्हणजे आपलं डहाणू हो!

आणि बौद्ध भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० काहापण (तेव्हाची नाणी) कायम ठेव. २,००० दरमहा शेकडा १ ने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊणने. मी कॅलक्युलेटर घेऊन बसलो होतो, २,००० वर वर्षाचं व्याज २४०, आणि लेखात म्हटलंय की २० भिक्षूंना प्रत्येकी १२ काहापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी. २० गुणिले १२, बरोब्बर २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब पैशाला पैसा जुळतो! मुद्दलाला हात लावायचा नाही, नुसतं व्याज खायचं हेही लिहिलंय.

आता हा माणूस परकीय म्हणायचा तर आपला कोणाला म्हणायचं? ब्राह्मणांना जेवू घालतो, भिक्षूंना कपडे देतो, आपल्याच नद्यांवर होड्या चालवतो. माझ्या मते गौतमीपुत्राने 'परकीय आक्रमण परतवलं' ही भाषा १९व्या-२०व्या शतकातली आहे, त्या काळात दोन सत्ता एका प्रदेशासाठी भांडत होत्या इतकंच.

---

मंजिरी

सरळरेषा, बरंचसं सहमत पण 'इतकंच' नाही. भाषा नंतरची असेल पण बलश्रीच्या लेखातही शक-यवन-पल्हव हे वेगळे काढलेलेच आहेत ना? आणि क्षहरातांबद्दलचा राग नुसता राजकीय वाटत नाही.

मला त्या लेखात खटकतात त्या दोन जागा. एक म्हणजे 'विनिवतितचातुवणसंकर', चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा, आणि त्याच्या आगेमागे 'खतियदपमानमदन', क्षत्रियांचा दर्प मोडणारा, आणि 'एकबम्हण'. या एकबम्हणवरून शंभर वर्षं भांडणं चालली आहेत, अद्वितीय ब्राह्मण की ब्राह्मणांचा एकमेव कैवारी. पहिला अर्थ घेतला तर राजा ब्राह्मण, दुसरा घेतला तर काहीही. आज दोन्ही बाजूचे लोक आपापला अर्थ घेऊन पोस्टर छापतात. पण हे सगळं कोरलंय कुठे तर बौद्ध विहाराच्या भिंतीवर, दान कुणाला तर भिक्खूंना. आज आपल्याला यात विसंगती दिसते, बलश्रीला दिसली नाही.

दुसरी जागा म्हणजे 'कितापराधेपि सतुजने अपाणहिसारुचि'. शत्रूने अपराध केला तरी त्याचा प्राण घेण्याची आवड नसलेला. आणि त्याच लेखात थोडं पुढे, अख्खा क्षहरात वंश निरवशेष!! मग नक्की काय? आईला दोन्ही खरं वाटत असणार. घरी मुंगी न मारणारा पोरगा आणि बाहेर सगळ्यांना पुरून उरणारा, दोन्ही आपलाच. कुठल्याही आईला विचारा.

---

चारमिनारी

नमस्कार, मी मूळचा नांदेडचा, गेली २२ वर्षं हैदराबादेत. इकडे ऑफिसात हा विषय काढून बघा. गौतमीपुत्र तेलुगू राजा आहे यावर इकडे कुणालाच शंका नाही, त्याच्यावर मोठ्ठा सिनेमाही आला, मी बघितला, तलवारबाजी भरपूर. पुराणात या घराण्याला आंध्र म्हटलंय, अमरावतीचा स्तूप, कोटिलिंगालाला घराण्याचा पहिला राजा सिमुक याची नाणी सापडली, हे त्यांचे मुद्दे. बेल्लारीकडे 'सातवाहनिहार' नावाचा प्रदेशच पुळुमावीच्या काळातल्या लेखात येतो म्हणून कन्नड लोकही रांगेत उभे आहेत.

माझी आपली गोची होते, नांदेडचा माणूस दोन्हीकडून मार खातो.

---

बखरबहाद्दर

नाणेघाटात सिमुकाचा पुतळा होता, खाली नाव कोरलेलं, राया सिमुक सातवाहनो. राजधानी पैठण. लेख नाशिक, कार्ले, कान्हेरी, नाणेघाट. भाषा महाराष्ट्री वळणाची प्राकृत. अजून काय हवं? आणि बलश्रीच्या यादीत आंध्रचं नाव दाखवा बरं!

---

चारमिनारी

दादा, यादीत महाराष्ट्राचंही नाव नाही :) मुळक, असक, अपरांत आहे. असक म्हणजे अश्मक, ते गोदावरीच्या दोन्ही अंगाला, निम्मं आज तेलंगणात मोडतं, बोधन तिकडेच. डोंगरांत महेंद्र आहे तो पूर्व किनाऱ्यावरचा. शिवाय पुढे सातवाहनांनी चांदीची चेहऱ्याची नाणी पाडली त्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाची भाषा आहे. ज्यांच्या खिशात नाणी जायची त्यांच्यात दोन्ही बोलणारे होते म्हणूनच ना? भांडण आपलं आहे, त्यांचं नव्हतं.

---

नाणेवेडा

बरोबर. आणि राजाचा चेहरा नाण्यावर छापायची पद्धत उचलली कुणाकडून? क्षत्रपांकडून. आधी त्यांच्या चेहऱ्यावर छाप मारले, मग स्वतःचे चेहरे त्यांच्यासारखे छापून घेतले.

---

पेठेतला व्यापारी

सगळे राजाबद्दल बोलताय, लढाई कशासाठी झाली ते कोणी बोलेना. एका ग्रीक खलाशाची बंदरांची माहितीवही आहे, पेरिप्लस म्हणतात ती, त्याच सुमाराची. त्यात लिहिलंय की कल्याण पूर्वी रीतसर व्यापारी बंदर होतं पण आता तिकडे जाणारी ग्रीक जहाजं पहारा बसवून बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला नेतात. पैठणहून भडोचला माल वीस दिवसांच्या वाटेने गाड्यांतून येतो, तेरहून कापड येतं.

नकाशा काढा. पैठणहून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट, खाली उतरलं की कल्याण आणि सोपारा. घाटाच्या तोंडावर जकात घ्यायचा तो दगडी रांजण अजून आहे असं सांगतात लोक. क्षहरातांनी जुन्नर घेतलं, नाशिक घेतलं, कार्ल्यापर्यंत आले, म्हणजे सातवाहनांच्या गळ्याला नख. नहपानाचा अमात्य अयम याचा जुन्नरचा लेख ४६व्या वर्षाचा, तो नहपानाचा शेवटचा ज्ञात आकडा. त्यानंतर गौतमीपुत्राने दणका दिला तो आधी नाशिक-मावळच्या पट्ट्यात, काही उगाच नाही. शौर्य वगैरे असेलच, पण दुकानाच्या दारात कोणी गाडी आडवी लावली की शांत माणूसही उठतो.

---

उगाच_एक

अवांतर: ते ४६वं वर्ष शक गणनेतलं धरलं तर इसवी सन १२४ येतं आणि गौतमीपुत्र साधारण १०६ ते १३० असा बसतो. नहपानाचं स्वतःचं वेगळं वर्ष धरलं तर गौतमीपुत्र पहिल्या शतकात मागे जातो, ६० ते ८५ च्या आसपास. दोन्ही गटात मोठमोठी नावं आहेत. तेव्हा कोणी छातीठोक तारीख देऊन जयंती काढली तर वर्गणी देऊ नका.

---

मंदाकाकू

गोदाकाठ, लेख आवडला रे. त्या २४व्या वर्षाच्या लेखात अजून एक गंमत आहे ती तू गाळलीस. तो हुकूम एकट्या राजाचा नाहीच. राजा आणि 'महादेवीय जीवसुताय राजमातुय' यांच्या वचनाने, म्हणजे आईचंही नाव आहे त्यात. जीवसुता, जिचा मुलगा जिवंत आहे ती. आता कुणी म्हणतं राजा आजारी होता, कुणी म्हणतं मोहिमेवर होता. काही का असेना, त्या काळात राजाची आई जमिनीचा हुकूम काढते हे वाचून मला बरं वाटलं. आणि त्या हुकमाची जबाबदारी प्रतिहाररक्षी, म्हणजे द्वाररक्षक, लोटा हिच्यावर होती, नावाच्या रूपावरून बाईच असावी. म्हणजे दिलं बाईने, कागद केला बाईने.

आणि बघ, एकीकडे जीवसुता असं कोरलेलं, आणि त्याच व्हरांड्यात पुढे तिनेच मुलाच्या माघारी कोरवलेला तो लांबलचक लेख. मी तिथे गेले होते तेव्हा हे माहीत नव्हतं. आता परत जायला हवं.

---

टवाळ

लोटा नावाची मुलगी, शाळेत काय छळलं असेल बिचारीला.

---

दर्यावर्दी

तीन समुद्रांचं कोणी काही बोललं नाही. घोडे खारं पाणी पीत नाहीत हा माझा जुना आक्षेप :) पण सिरियसली, ती प्रशस्ती आहे, त्यातलं दक्षिण टोकापर्यंतचं राज्य खरं धरू नये. आणि टिकलं किती ते बघा. शक संवत ७२, म्हणजे इसवी सन १५०, जुनागढचा रुद्रदामनाचा लेख. आकर, अवंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, बलश्रीच्या यादीतली बरीचशी नावं आता रुद्रदामनाच्या यादीत! वर तो म्हणतो दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा उघड लढाईत हरवलं, पण नातं जवळचं म्हणून उच्छेद केला नाही.

म्हणजे पोरगा जिंकला, आणि नातवंडांच्या काळात माळवा-सौराष्ट्र गेलं. आणि निरवशेष झाले ते फक्त क्षहरात, शकांचं दुसरं घराणं, कार्दमक, लगेच उभं राहिलं.

---

बखरबहाद्दर

टिकलं नाही म्हणून किंमत नाही असं असेल तर सिकंदराचं काय टिकलं? नाशिक, पुणे, कोकणातले घाट नंतरही बराच काळ सातवाहनांकडे राहिले ते कोणामुळे? त्याने तो पट्टा सोडवला नसता तर घराणं पैठणातच संपलं असतं. 'सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित करणारा' एवढं एक विशेषण तरी आई खोटं लिहीत नाहीये हे मान्य कराल की नाही?

---

दर्यावर्दी

हे मान्य. एकदम मान्य.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, धागा असा पळेल असं वाटलं नव्हतं. मंदाकाकू, जीवसुताचं खरंच गाळलं गेलं, वाईट वाटलं.

बखरबहाद्दर, तुमचा शेवटचा मुद्दा मलाही पटतो. माझ्या लेखाचा सूर थोडा चिरका लागला असेल. पडीक शेत दाखवून राजाला लहान करायचं नव्हतं. उलट मला त्याचं हेच मोठं वाटतं की दिलेलं दान वांझ निघालं हे त्याने झाकलं नाही, दगडावर कोरून कबूल केलं आणि आपल्या खासगीतली जमीन बदलून दिली. कार्ल्यालाही तेच, करजिक गाव उषवदाताने वलुरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या भिक्षूंना दिलेलं, नंतर तेच गाव त्याच भिक्षूंना पुन्हा १८व्या वर्षाच्या लेखाने दिलं. तिथे राजाचं नाव राहिलेलं नाही पण तो गौतमीपुत्राचाच मानतात, आणि हुकूम आहे मामाळच्या अमात्याला, आपल्या मावळच्या! शत्रूचं नाव पुसलं, दान चालू ठेवलं. विणकरांकडच्या त्या ३,००० काहापणांचं पुढे काय झालं ते मात्र कुठे लिहिलेलं नाही, २० भिक्षूंना चीवरं मिळत राहिली असावीत अशी आपली माझी इच्छा.

दर्यावर्दींनी 'जवळचं नातं' म्हटलं त्याचा धागा कान्हेरीला सापडतो. तिथे पाण्याच्या एका पोढीवर, म्हणजे टाक्यावर, लेख आहे, सतेरक नावाच्या अमात्याचा. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी आहे, कार्दमक वंशातली, महाक्षत्रप रुद्र याची मुलगी. रुद्र म्हणजे रुद्रदामनच बहुधा. हा वासिष्ठीपुत्र सातकर्णी पुळुमावीचा भाऊ असावा असं मानतात, म्हणजे बलश्रीचा नातूच. चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला म्हणून आजीने दगडावर कोरलं आणि घरात शकांची सून आली. आजीने सुनेचं तोंड पाहिलं की नाही कुणास ठाऊक, पाहिलं असतं तर दोघींचं काय बोलणं झालं असतं हे मला त्या तीन समुद्रांपेक्षा जास्त ऐकायचंय.

---

सरळरेषा

वा! हे माहीत नव्हतं. बोरिवलीला राहतो आणि कान्हेरीला शंभरदा गेलोय, पोढीतलं पाणी बघून परत आलो.

---

तलाठी आप्पा

मी आयुष्यभर सातबारे लिहिले, म्हणून एक शंका. ते १०० निवर्तनं तरी नीट कसलं गेलं का पुढे?

---

गोदाकाठ

आप्पा, त्या शेताचं पुढे काही कळत नाही, पण याच लेण्यात पुळुमावीच्या २२व्या वर्षाचा एक लेख आहे, प्रशस्तीला लागूनच. लेण्याच्या देखभालीसाठी भिक्षूंना सुदसण गाव दिलं होतं, ते बदलून सामलिपद दिलं. म्हणजे परत फेरफार.

---

तलाठी आप्पा

वाटलंच. गोवर्धनच्या अमात्याकडे किती हेलपाटे मारले असतील त्या भिक्षूंनी. आता ही भिंत प्रत्यक्ष बघायचीच आहे. गुडघे दुखतात पण पायऱ्या सावकाश चढेन. नाशिककर कोणी येणार असेल तर सांगा.

---

गोदाकाठ

येत्या रविवारी सकाळी सातला, फाळके स्मारकाच्या बाजूला पार्किंगपाशी. मंदाकाकू तुम्हीपण या. नाणेवेडा, भिंग आणा. छोटे लेख वर छतापाशी आहेत, टॉर्च लागेल आणि मान दुखते, आधीच सांगून ठेवतो.

---

बखरबहाद्दर

मी पण येतोय. मिसळ माझ्याकडून.